इंजिनाचे चार दात

वस्तादने बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि आत न वाकताच सांगितलं, "इंजिन उतरवावं लागणार."

डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टर दातांचे होते. सगळी हयात त्यांनी लोकांना "आधी तोंड उघडा, मग बोलू" हे शिकवण्यात घालवली होती, आणि इथे हा गॅरेजवाला उघडलेल्या तोंडात डोकावायलासुद्धा तयार नव्हता.

"आत बघितलंस का तू?"

"आवाजावरून कळतं ना डॉक्टर. खोकतेय बघा कशी."

"खोकला आला म्हणून तू माणसाचं पोट फाडशील का?"

"माणसाचं काम मी घेत नाही," वस्ताद शांतपणे म्हणाला.

वस्तादचं निदान कायम एकच असे. हॉर्न वाजत नाही, इंजिन उतरवा. दार नीट लागत नाही, इंजिन उतरवा. एकदा कुणीतरी पंक्चर झालेली सायकल त्याच्याकडे ठेवून गेलं, तर वस्ताद संध्याकाळपर्यंत तिचं इंजिन शोधत होता म्हणतात.

पण या वेळी त्याच्या तोंडून निघालेला शब्द डॉक्टरांच्या जावयाने नेमका झेलला. जावई गेलं वर्षभर त्या गाडीच्या मागे हात धुऊन लागला होता. गाडी म्हातारी होती, खिळखिळी होती, सुरू होताना सगळ्या गल्लीला उठवत होती, हे सगळं खरं. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींची नवी कोरी गाडी फाटकाबाहेर उन्हात उभी असे आणि त्यांचा डोळा डॉक्टरांच्या जागेवर होता, हेही खरं. जावई म्हणाला, "बाबा, रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. नुसता बघून जाईल."

नुसतं बघून जातो म्हणत आलेली माणसं रिकाम्या हाताने परत जात नाहीत, हा डॉक्टरांचा जुना अनुभव होता. जावईबापूसुद्धा पहिल्यांदा नुसते बघूनच जाणार होते.

डॉक्टर ताठ उभे राहिले. "मी स्वतः प्लग काढून बघणार. प्लग खोटं बोलत नाहीत. प्लग म्हणाले इंजिन गेलं, तर रविवारी गाडी माझ्या हाताने भंगारात देईन. ठणठणीत आहे म्हणाले, तर भंगार हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही."

"शब्द?" जावयाने विचारलं.

"शब्द."

आता दातांच्या डॉक्टरांना प्लगांतलं काय कळतं, असं कुणी विचारील. तर गाडीबरोबर एक जुनी पुस्तिका आली होती आणि तिच्यात एक रंगीत पान होतं. प्लग म्हणजे बोटाएवढी, चिनीमातीची पांढरी कांडी. तिचं खालचं टोक इंजिनाच्या पोटात असतं, तिथे ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. डॉक्टरांच्या गाडीला अशी चार पोटं होती. पोटात जे काही जळतं त्याचा रंग टोकावर बसतो. टोक बिस्किटासारखं तांबूस असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल तर गाडी पेट्रोल अधाशासारखं ढोसतेय. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर इंजिनाला ताप आहे. आणि काळं, ओलं, चिकट असेल, तर आतलं तेल नको तिथे झिरपतंय. मग मात्र इंजिन उतरवण्याला इलाज नाही.

डॉक्टरांनी ते पान उघडलं आणि त्यांना एकदम ओळखीची माणसं भेटल्यासारखं झालं. हा चहाबाज. हा तंबाखूवाला. हा रात्री दात न घासता झोपणारा. तोंडात दात तसे इंजिनात प्लग. फरक एवढाच, की प्लग बोट चावत नाहीत.

हा फरकही नंतर चुकीचा ठरला.

डॉक्टरांचा दवाखाना इमारतीच्या तळमजल्यावर होता आणि त्याच्या खिडकीबाहेरच गाडी उभी असे. दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट नव्हते. डॉक्टरांनी पांढरा कोट चढवला, कपाळावरचा दिवा लावला, ट्रेमध्ये आरसा, चिमटे आणि दात कोरायची सळई मांडली आणि बॉनेट उघडलं. बॉनेट कुरकुरल्याबरोबर जिन्यातून सेक्रेटरी उगवले.

"डॉक्टर, बॉनेट उघडं दिसतंय."

"उघडं आहे म्हणून दिसतंय."

सेक्रेटरींनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. येथे वाहनांची दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. पाटी त्यांनी स्वतः रंगवून घेतली होती आणि 'सक्त' या शब्दासाठी कमिटीशी भांडले होते.

"ही दुरुस्ती नाही, तपासणी आहे," डॉक्टर म्हणाले.

"नियमात तपासणी नाही."

"म्हणजे तपासणीला मनाईही नाही."

सेक्रेटरींनी ट्रेमध्ये डोकावून बघितलं. "पण हत्यारं घेतलीत तुम्ही."

"हत्यारं? हा आरसा आणि हा चिमटा तुमच्या तोंडात जाऊन आलेत. तेव्हा मी तुमच्यावर हत्यार चालवलं म्हणायचं का?"

सेक्रेटरींनी जिभेने आपली मागची दाढ चाचपली. तिच्या आठवणी चांगल्या नसाव्यात. "ते असो. बॉनेट उघडण्याआधी कमिटीकडे अर्ज करायला हवा होता."

"पण ते आता उघडलंय."

"मग बंद करा. अर्ज करा. मंजूर झाला की उघडा. बैठक पुढच्या महिन्यात आहे."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि आज्ञाधारकपणे बॉनेट खाली घेतलं, मात्र टेकू लावून, हातभर अंतर सोडून. त्या फटीतून दोन्ही हात आणि निम्मं डोकं त्यांनी आत घातलं. "बंद करतोच आहे," आतून आवाज आला. "सावकाश करतोय. जुनी गाडी आहे."

बॉनेट नेमकं किती उघडं म्हणजे उघडं, हे सेक्रेटरींना आठवेना. नियमांची वही बघायला ते वर गेले आणि डॉक्टरांनी काम सुरू केलं.

वायरींची गडबड नको म्हणून आधी त्यांनी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून वर खूण लिहिली. उजवा एक, उजवा दोन, डावा एक, डावा दोन. दात असेच लिहितात, मधून बाहेर. मग पान्याने प्लग सोडवायला घेतले. तीन प्लग दुधाच्या दातांसारखे अलगद आले. चौथा अक्कलदाढेचा सख्खा भाऊ निघाला. डॉक्टरांनी जोर लावला, दम खाल्ला, पुन्हा जोर लावला.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सल्ला आला. तिथे हवामानखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना वेधशाळा म्हणत. नोकरीतली सवय सुटली नव्हती.

"इंजिन थोडं गरम करून बघा डॉक्टर. धातू प्रसरण पावतो. प्लग सैल होईल."

"नक्की?"

"दाट शक्यता आहे. किंवा घट्ट होईल. तशीही शक्यता आहे."

डॉक्टरांनी वर न बघता पान्याला शेवटचा हिसका दिला आणि सवयीने पुटपुटले, "आणखी थोडा मोठा आ करा." त्याबरोबर बॉनेटचा टेकू निसटला आणि बॉनेटने आ मिटला. डॉक्टरांना त्यांच्या हयातीत पुष्कळ पेशंट चावले होते. मानेला चावलेला हा पहिलाच. पण प्लग हातात आला होता, आणि डॉक्टर म्हणजे असा माणूस, की दात हातात आल्यावर चावा लक्षात ठेवत नाही.

चारही प्लग ट्रेमध्ये ठेवून त्यांनी ट्रे दवाखान्यातल्या टेबलावर नेऊन ठेवला आणि मानेवर बर्फ लावायला ते वर घरात गेले. एवढ्यात खबर इमारतभर झाली. निकाल ऐकायला वेधशाळा खाली आले. दाढेत कापूस धरलेला एक पेशंट वेळेआधीच येऊन बसला होता, तो तसाच पुढे सरकला. ऑफिसातून लवकर सुटलेला जावईही हजर झाला. डॉक्टर मानेला पंचा गुंडाळून, न्यायाधीशासारखे आत आले आणि बघतात तर टेबल रिकामं.

"अगं, इथला ट्रे?"

"ट्रे ना? झाला की," दवाखान्याच्या आतल्या खोलीतून बायको हात पुसत आली. दवाखान्यातली उपकरणं उकळून ठेवायचं काम लग्नापासून तिच्याकडे होतं. ट्रेमध्ये जे असेल ते उचलायचं, घासायचं, उकळायचं. हे काय, ते कुणाचं, असल्या चौकशा ती करत नसे. एकदा एका पेशंटचा चष्मा तिने असाच वाफेवर काढला होता. "सगळं उकळून ठेवलंय. ते चार मात्र फार घाण होते हो. ब्रशने खसाखसा घासले तेव्हा कुठे निघाले. कोणाच्या तोंडातले होते?"

प्लग लखलखत होते. कारखान्यातून निघाले त्या दिवशीही ते इतके पांढरे नसतील. काजळी नाही, तेल नाही, बिस्किटाचा रंग नाही. वेधशाळांनी चष्मा वर करून चारही निरखले आणि जाहीर केलं, "आकाश निरभ्र आहे."

जावयाने अर्थपूर्ण खोकून घेतलं. "बाबा, म्हणजे पुरावा नष्ट झाला म्हणायचा."

"नष्ट नाही," डॉक्टर म्हणाले. "निर्जंतुक."

"मी आपलं नेहमीचं काम केलं," बायको म्हणाली. "मला कुणी काही सांगेल तर ना."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं हे खरंच होतं. पण डॉक्टरांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांना जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू दिसत होतं, आणि त्या हसण्याचा अर्थ असा होत होता, की सासऱ्यांनी निकाल बघितला, घाबरले, आणि सासूबाईंकडून घासून घेतला. माणसाला चोर म्हणा, एक वेळ चालेल. पण तपासणीआधी दात घासून येणारा म्हणू नये.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "रविवारी सकाळी हेच प्लग पुन्हा लावायचे. गाडी चांगली दामटायची आणि पळता पळताच इंजिन बंद करायचं, म्हणजे प्लगांवरचा खरा रंग तसाच राहतो. मग सगळ्यांसमोर काढीन. भंगारवाल्यालाही उभं करा. ट्रेला कुणी हात लावायचा नाही."

रविवार उजाडला आणि डॉक्टरांनी पान्याला हात घालायला आणि गाल टम्म फुगलेला एक पेशंट दारात यायला एकच गाठ पडली. पेशंट इतका कळवळत होता, की त्याला परत पाठवणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी मन घट्ट करून पाना जावयाकडे दिला.

"खुणा लिहिल्यात. त्याप्रमाणे लावा, म्हणजे झालं. मी खिडकीतून बघतोच आहे."

"चार वायरी तर लावायच्या," जावई म्हणाला. त्याला गाडी एकदाची धावून निकाली निघायला हवीच होती.

डॉक्टरांचे हात पेशंटच्या तोंडात आणि डोळे खिडकीबाहेर. "उजवा एक लावला का?" ते ओरडायचे. बाहेरून "लावला" येई, आणि पेशंट दचकून आपली उजवी बाजू हाताने झाके. प्लग बसले, वायरी बसल्या. बॉनेट पूर्ण उघडं आहे ही बातमी वर पोचली होती, म्हणून सेक्रेटरी खाली येऊन इंजिनावर वाकून बघत होते, की या तपासणीत दुरुस्तीचा काही अंश आहे का. नेमकी त्याच वेळी जावयाने किल्ली फिरवली.

जो आवाज झाला त्याने छपरावरची कबुतरं उडाली ती अजून परतलेली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे ठार बहिरे आजोबा "या, दार उघडंच आहे" म्हणाले. इंजिनाने उलटी जांभई दिली, तिच्यातून वीतभर जाळ आणि शेरभर काजळी बाहेर आली आणि सेक्रेटरींची पांढरी मिशी क्षणात काळी कुळकुळीत झाली. ते घरी जाऊन आरशासमोर बराच वेळ उभे होते म्हणतात. वीस वर्षांनी तरुण दिसत असल्यामुळे मिशी त्यांनी संध्याकाळपर्यंत धुतली नाही. पण त्या घटकेला मात्र त्यांच्या तोंडून "सक्त, सक्त" एवढंच निघत होतं.

डॉक्टर धावत बाहेर आले. मागोमाग गळ्याला रुमाल बांधलेला पेशंटही आला. ठणका तो साफ विसरला होता.

डॉक्टरांनी एक नजर टाकली. "उजवा इकडे कसा?"

"उजवाच आहे," जावई म्हणाला. त्याचे कान अजून वाजत होते. "हा बघा माझा उजवा हात. ह्याच बाजूला लावलाय."

"तुमचा उजवा कुणी विचारला, जावईबापू? पेशंटचा उजवा. पेशंट आपल्याकडे तोंड करून बसलाय ना? त्याचा उजवा तो आपला डावा."

दातांच्या डॉक्टरांची ही जन्मखोड. समोरच्याचं जे उजवं ते उजवं. घरातसुद्धा ते पाहुण्यांना "उजवीकडे बसा" सांगत आणि पाहुणे मोरीत जाऊन उभे राहत. घरच्यांना सवय झाली होती. जावई मात्र अजून चारचौघांसारखाच होता आणि त्याने चारही वायरी आरशात दिसाव्यात तशा उलट्या लावल्या होत्या.

"मग खूण करताना कोणाचा उजवा ते लिहायचं तरी."

"पेशंट सोडून आणखी कोणाचा लिहितात?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना हे खरोखरच कळेना.

वायरी सुलट झाल्या. गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली. फुगलेल्या गालाच्या पेशंटला औषध देऊन डॉक्टर स्टिअरिंगवर बसले. साक्षीदार म्हणून शेजारी जावई आणि मागे वेधशाळा. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर डॉक्टरांनी गाडी अशी पिटाळली, की वेधशाळांनी वादळाचा इशारा दिला. परतताना फाटकापाशी आल्यावर डॉक्टरांनी पळत्या गाडीतच किल्ली बंद केली आणि गाडी आवाज न करता घरंगळत आपल्या जागेवर आली. भंगारवाला वाटच बघत होता; गाडी आत येताच त्याने आपला टेम्पो फाटकात आडवा लावला. त्याने पुढे होऊन गाडीच्या टपावर थाप मारली, जशी गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवर मारतं.

ट्रे आला. सगळे गोल करून उभे राहिले. डॉक्टरांनी पहिला प्लग काढला, दिव्याखाली फिरवला. तांबूस, कोरडा, बिस्किटासारखा. दुसरा तसाच. तिसराही तसाच. जावयाचा चेहरा उतरत चालला होता आणि डॉक्टरांची मान, पंचा असूनही, ताठ होत चालली होती.

चौथा काढला.

तो काळा होता. टोकापासून तेलाचा एक थेंब ओघळला आणि डॉक्टरांच्या बोटावर आला.

कुणाला अजून काही दिसलं नव्हतं, कारण प्लग डॉक्टरांच्या मुठीआड होता. हे वाचणारा तिथे एकटाच माणूस होता. डॉक्टरांच्या डाव्या हातात कापसाचा बोळा होता. एकदा फिरवला असता की चौथाही बिस्किट झाला असता. आधी एकदा उकळून झालेला प्लग आणखी एकदा पुसला गेला असता, एवढंच. वेधशाळा तर निरभ्र म्हणायला तयारच उभे होते.

डॉक्टरांनी बोळा ट्रेमध्ये ठेवला.

"तेल आहे," ते म्हणाले. "आत झिरपतंय. इंजिन उतरवावं लागेल." एकच निदान जन्मभर करत राहिलं, की कधी तरी एखाद्या गाडीला ते लागू पडतंच, आणि वस्तादने ते लागू पाडायला त्यांचीच गाडी निवडली होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि जावयापुढे धरली. "शब्द म्हणजे शब्द. न्या."

जावयालाही आता जरा अवघडल्यासारखं झालं. भंगारवाल्याला मात्र अवघडायचं कारण नव्हतं.

"काका, बरं केलंत," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तेल पिणारी गाडी कोण पोसतं? वय झालं हिचं. आतून झिजली. आता रोज काहीतरी निघणार. असलं वेळेवर घालवलेलं बरं."

"कोणाचं वय झालं?"

आवाज जिन्यातून आला. डॉक्टरांची बायको कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली येत होती.

"गाडीचं, मावशी."

"आणि तेल लागतं म्हणून घालवायची?"

"आतून झिजलीय ना."

"मीही आतून झिजलेय," ती म्हणाली. शेवटची पायरी उतरून ती उभी राहिली. "दोन्ही गुडघे. सकाळ-संध्याकाळ तेल जिरवते तेव्हा कुठे एवढा जिना उतरता येतो. चढताना जो आवाज होतो त्यापुढे ही गाडी काहीच नाही. मग तुमच्या टेम्पोत मला कुठे बसवताय? पुढे की मागे?"

भंगारवाल्याने जावयाकडे बघितलं.

"आई, तुमची गोष्ट वेगळी," जावई म्हणाला.

"कशी वेगळी ते सांगा, जावईबापू. सावकाश सांगा, घाई नाही. सगळे ऐकताहेत."

जावयाने आ केला. इतका मोठा आ डॉक्टरांना चांगल्या चांगल्या पेशंटकडून मिळाला नव्हता.

"अगं, पण मी शब्द दिलाय," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दिलाय. मला कुणी विचारलं होतं? गाडी माझ्या दादाने मला दिली. तुम्ही ती चालवता. दुसऱ्याच्या गाडीवर शब्द द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने जावयापुढे हात केला. किल्ली त्या हातात आपोआप आली. "तो काळा प्लग पुसा आणि लावा परत. इंजिन उतरवायचं तेव्हा उतरवू. जमेल तोवर तेल ओतू. आपल्या घरात तेलाला काही तोटा नाही."

डॉक्टरांनी प्लग पुसला. चारही लावले, वायरी लावल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हे करताना शीळ घातली. बायको पुढच्या सीटवर आधी पाठ टेकून, मग हातांनी एक एक पाय आत घेऊन बसली. गाडी सुरू झाली आणि मागून निळसर धूर निघाला.

काळ्या मिशीचे सेक्रेटरी खिडकीपाशी आले. "वहिनी, धूर फार होतोय. सोसायटीच्या दृष्टीने हे…"

"खिडक्या लावून घ्या," ती म्हणाली, आणि काच वर करू लागली. काच अर्ध्यात अडकली. ती तिने तशीच सोडली.

फाटकात टेम्पो आडवा होता. डॉक्टरांनी हॉर्न दाबला. भंगारवाला मुकाट्याने टेम्पोत चढला आणि टेम्पो मागे घेऊ लागला. तो पूर्ण बाहेर जाऊन बाजूला होईपर्यंत डॉक्टरांची बायको समोर बघत बसली होती.

"कुठे जायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठेही न्या. पण चढाच्या रस्त्याने न्या."